शनी योग्य जागी आणताना

२ मार्च, सकाळी ७

आजपासून ही रोजनिशी केवळ ‘निरालंब’ या ॲपच्या नव्या आवृत्तीसाठी राखून ठेवली आहे. घरगुती कुरबुरींना येथे स्थान नाही.

नोंद पहिली. शनी चुकीच्या जागी आहे.

सहा वर्षांपूर्वी जावईबापूंनी आणि मी हे ॲप तयार केले. गणित आणि मजकूर माझा, कोड त्यांचा. वापरकर्त्याने फोनवरून एक यान सोडायचे आणि ते खऱ्या वेगाने, खऱ्या अंतरातून, खऱ्या वेळेत जाऊ द्यायचे, एवढेच त्यात आहे. चंद्रापर्यंत तीन दिवस लागतात, मंगळापर्यंत आठ-नऊ महिने आणि शनीपर्यंत सहा वर्षे. मध्ये काही घडत नाही, कारण अवकाशात मध्ये काही नसते. आवाज नाही, कारण निर्वातात आवाज नसतो. घाई करण्याचे बटण नाही. ते जावईबापूंनी सुचवले होते. मी त्यांच्याकडे नुसते पाहिले. इतरांच्या ॲपमध्ये बोट टेकवताच यान शनीला पोहोचते आणि वर संगीत वाजते. जावईबापूंना आपल्या ॲपचे नाव ‘स्पेस रायडर’ ठेवायचे होते. त्या नावाने ते खपलेही असते. खपण्यासाठी मी ते केले नव्हते.

काल मात्र माझ्याच गणितात उणीव सापडली. गुरू हा शनीला ओढतो. ही ओढ मी धरली होती, परंतु पुरेशी धरली नव्हती. परिणामी आमचा शनी खऱ्या शनीपासून सुमारे चाळीस लाख किलोमीटर बाजूला आहे.

पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात मी निवृत्त होईपर्यंत तपासनीस होतो. माझ्या टेबलावरून गेलेल्या पुस्तकात चूक राहत नसे. चूक ध्यानात आल्यावर काल अन्न गोड लागले नाही. (हिच्या मते मी भात दोनदा घेतला. ही नोंद विषयाशी संबंधित नाही.)

संकल्प: हा आठवडा संपण्याच्या आत शनी जागेवर आणणे.

२ मार्च, दुपारी

जावईबापूंना फोन केला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले की जी यानं आधीच निघाली आहेत त्यांचं काय करायचं, बाबा. ती जुन्या शनीवर नेम धरून सोडलेली आहेत. शनी हलवला तर ती पोचणार कुठे.

कुठेही नाही, असे मी सांगितले. हे उत्तर गणिताने दिलेले आहे, मी नव्हे.

त्यावर ते म्हणाले की पहिल्या दिवशी सुटलेली यानं याच महिन्यात, सव्वीस तारखेला, शनीला लागताहेत. सहा वर्षं लोक वाट बघत बसलेत. आणि त्यात आईंचंही आहे.

मला माहीत आहे. माझ्याच घरातले यान आहे ते.

जावईबापूंनी विचारले की आईंना विचारलंत का. गणितात बायकोला काय विचारायचे असते, हे मला समजले नाही.

३ मार्च

हिच्या यानाविषयी एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही.

ॲप सुरू झाले त्याच दिवशी हिने यान सोडले. मी आग्रह केला नव्हता. यानाला नाव देण्याची सोय आहे. लोकांनी गरुड, वायुवेग अशी शोभतील अशी नावे दिली. हिने ‘सुट्टी’ असे दिले. हे यानाचे नाव होऊ शकत नाही, असे मी सांगितले. त्यावर हिचे शब्द: “लग्न झाल्यापासून कुठे नेलंत का? म्हटलं आपणच निघावं. घरबसल्या जाता येतंय तर.”

हे खरे नाही. कार्यालयाच्या परिषदेसाठी आम्ही एकदा परगावी गेलो होतो. ती खोलीत बसून राहिली, त्याला माझा इलाज नव्हता.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ही फोन उघडते आणि यानाच्या खिडकीतून बाहेर पाहते. खिडकीत काळोख असतो. पहिले वर्षभर ही मागे पडणारी पृथ्वी शोधत असे. खिडकी पुढच्या बाजूस आहे, मागचे दिसणार नाही, हे मी अनेकदा समजावले. मग काही वर्षे नुसता काळोख. तरी पाहतेच. गेल्या महिन्यात मला हाक मारून म्हणाली, “अहो, त्याला कान आलेत.” कान नव्हेत, ती शनीची कडी आहेत, असे मी सांगितले. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलीला फोनवर सांगत होती की कान मोठे झालेत.

असो. विषयाकडे वळू.

५ मार्च, सायंकाळी

मुलगी आणि जावईबापू आले होते. मी कागद मांडले. शनीची जुनी जागा निळ्या शाईने आणि खरी जागा लाल शाईने दाखवली. आकृती उत्तम आली आहे.

मुलीने आकृतीकडे पाहिलेच नाही. म्हणाली, “बाबा, तीन आठवडे थांबा ना. सव्वीसला आई पोचू दे. सत्तावीसला सकाळी हलवा तुमचा शनी, पाहिजे तिथे नेऊन ठेवा.”

माहीत असलेली चूक तीन आठवडे लोकांसमोर ठेवायची, असा याचा अर्थ होतो. मी तसे म्हणालो.

“सहा वर्षं होतीच की.”

तेव्हा ती माहीत नव्हती. अज्ञान आणि खोटेपणा यांत फरक आहे. हा फरक मी समजावत असताना मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून आईला म्हणाली की तू तरी सांग गं यांना, तुझं यान आहे.

ही कणीक मळत होती. म्हणाली, “करू दे. आजवर कुणाचं ऐकलंय का. चार पोळ्या जास्त घालते, जेवूनच जा.”

म्हणजे हिची संमती आहे. संमती अशीच दिली जाते, शांतपणे आणि काम न थांबवता. मुलीला हे दिसत नाही.

जावईबापू बराच वेळ लाल शाईकडे पाहत होते. अखेर म्हणाले, “ठीक आहे, बाबा. करतो. परवा तुमच्या फोनवर येईल.”

जेवताना कोणी फारसे बोलले नाही. मतभेदानंतर विचार करणारी माणसे बोलत नाहीत.

७ मार्च

नवी आवृत्ती आली. आल्याबरोबर माझे निवेदन उघडते: ‘वापरकर्त्यांस सविनय निवेदन’. गुरूचे आकर्षण, पूर्वीच्या गणितातील उणीव आणि तिचे निराकरण असे तीन भाग आहेत. मजकूर लांब आहे असे जावईबापूंचे मत होते. ज्याला शनीपर्यंत सहा वर्षे लागतात त्याला दोन पाने वाचायला वेळ नाही, हे मला पटत नाही.

निवेदनाच्या खाली ‘समजले’ असे बटण आहे. मी दाबले. माझ्या फोनवर हिच्या ‘सुट्टी’च्या खिडकीत शनी मध्यावरून सरकून डाव्या कडेला गेला.

निवृत्तीनंतर इतके समाधान प्रथमच वाटले.

९ मार्च

एकही तक्रार नाही.

लोक भडकतील, एकेक तारा देऊन शिव्या घालतील, असे मुलगी म्हणाली होती. आज सर्व अभिप्राय वाचले. ‘ढेकूण’ या टोपणनावाच्या माणसाने नेहमीप्रमाणे लिहिले आहे की स्फोट कधी येणार. दुसऱ्या एकाने लिहिले आहे, ‘स्क्रीन काळी आहे, बिघडलंय का?’ त्याला मी पूर्वीही उत्तर दिले होते. बिघडलेले नाही, ते अवकाश आहे.

शनी हलल्याबद्दल अवाक्षर नाही. मराठी वाचक शहाणा झाला आहे. त्याला कारण समजावून दिले की तो मानतो. इतकी वर्षे कोणी समजावण्याचे कष्ट घेतले नाहीत.

१० मार्च

एक अभिप्राय निराळा आहे. टोपणनाव ‘नाईटड्यूटी’. लिहिणारी रुग्णालयात परिचारिका असावी. लिहिते: ‘सर, माझं यान सव्वीसला शनीला पोचतंय. मी रजा टाकली आहे. वॉर्डात सगळ्यांना सांगून ठेवलंय. एक पेशंट रोज विचारायचे की कुठवर आलं, ते आता नाहीत. पण मी त्यांना प्रॉमिस केलं होतं की बघीन. तुमचे आभार मानायचे होते.’

या परिचारिकेने निवेदन वाचलेले दिसत नाही. घाईने ‘समजले’ दाबले असणार.

तिला सविस्तर उत्तर लिहिले. गुरूचे आकर्षण समजावले. सव्वीस तारखेला तिचे यान शनीपासून चाळीस लाख किलोमीटरवरून जाईल, तेव्हा रजेचा फेरविचार करावा, असे सुचवले. ‘टाकली’ याऐवजी ‘घेतली’ हे अधिक योग्य, हेही शेवटी नमूद केले.

जावईबापूंना उत्तर प्रसिद्ध करण्यासाठी पाठवले. ‘बघतो बाबा’ असा निरोप आला.

११ मार्च

चहाच्या वेळी हिला सहज विचारले की शनी आता डावीकडे सरकलेला दिसत असेल.

ही म्हणाली, “नाही बाई. मधोमध आहे.”

मी माझा फोन दाखवला. शनी डाव्या कडेला, रुपयाएवढाही नाही. हिने पाहिले आणि आपला फोन पदराखाली घेतला. म्हणाली, “माझा जुना फोन. त्याला मेलं काय कळतंय.”

फोन जुना असला तरी आवृत्ती सर्वांना एकच जाते. मग मध्यावर कसा दिसेल? विचार करता एकच कारण संभवते. हिचा चष्मा बदलण्यास झाला आहे.

संकल्प: नेत्रतज्ज्ञाकडे नेणे. आजवर कुठे नेले नाही, ही तक्रारही त्यामुळे मिटेल.

१३ मार्च

नेत्रतज्ज्ञांनी हिला अक्षरे वाचायला लावली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. चष्मा अगदी बरोबर आहे, म्हणाले. मी त्यांना परिस्थिती सांगितली: समोरची वस्तू डावीकडे असूनही या बाईंना मध्यावर दिसते. त्यांनी विचारले, “कोणती वस्तू?” शनी, असे मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले की आलाच आहात तर तुमचेही डोळे तपासून घेऊ.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, असे त्यांचे मत. हे तज्ज्ञ फारसे विश्वसनीय वाटले नाहीत.

परत येताना ही हसत होती. कारण सांगितले नाही.

१४ मार्च

आज कळले की ‘नाईटड्यूटी’ला लिहिलेले उत्तर अजून प्रसिद्ध झालेले नाही. जावईबापूंना विचारले. काही तांत्रिक अडचण आहे, म्हणाले. कोणती, असे विचारल्यावर त्यांनी इंग्रजीत बरेच सांगितले. मनुष्य गुणी आहे. परंतु प्रश्न विचारला की भाषा बदलतो.

१६ मार्च, दुपारी

ही बागेतील बाकावर बसून फोन पाहत होती. मी खिडकीतून पाहिले. ओठ हलत होते. यानाशी बोलते की काय, कोण जाणे.

माझ्या फोनवर सर्व यानांची यादी दिसते. ‘सुट्टी’ उघडले. शनी आता खिडकीच्या अगदी कडेशी आहे. येत्या काही दिवसांत तो चौकटीबाहेर जाईल आणि सव्वीस तारखेला खिडकीत काहीच असणार नाही. बाजूला मान वळवून पाहण्याची सोय मी ठेवलेली नाही. यानाला मान नसते.

तेव्हा प्रथमच असे मनात आले, की यानात थोडे इंधन असते तर बरे झाले असते. थोडेसे वळवता आले असते. परंतु इंधन सुटतानाच संपावे हा नियमही माझाच आहे. तो मी फार अभिमानाने केला होता. आरंभी नेम नीट धरा, मध्येच सुधारता येणार नाही, हे लोकांना कळावे म्हणून.

१७ मार्च

निर्णय. नियम एका यानासाठी वाकवायचा. ‘सुट्टी’ला गुपचूप इंधन द्यायचे. कोणालाही कळणार नाही. ही पोहोचेल, तिला आनंद होईल आणि मी काही बोलणार नाही. नवरा म्हणून एवढे करणे माझे कर्तव्य आहे. अशी माणसे आता राहिली नाहीत.

जावईबापूंना फोन करून सांगितले. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. मग म्हणाले, “बाबा, खरंच? आईंसाठी?” होय, असे मी म्हणालो. “मग हे तुम्ही आईंनाच सांगा ना. त्यांना फार बरं वाटेल.” सांगितले तर गुपचूप कसे राहील, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

१८ मार्च

निर्णय रद्द.

रात्रभर... नाही, झोप लागली होती. परंतु सकाळी उठल्याबरोबर कळून चुकले. त्या परिचारिकेला नियम आणि माझ्या बायकोला सवलत? कार्यालयात असताना संचालकांच्या मेहुण्याच्या पुस्तकातील चुकाही मी काढल्या होत्या. माझी बढती त्यात गेली. तेव्हा ही म्हणाली होती, “एकदा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं.” तेव्हा केली नाही ती आता कशी करू?

जावईबापूंना कळवले. “बरं बाबा,” एवढेच म्हणाले. त्यांचा स्वर असा होता जणू याची त्यांना कल्पना होती.

२० मार्च

आज बोलाचाली झाली. येथे लिहायची नाही असे ठरवले होते. परंतु पुढेमागे कोणी विपर्यास करू नये म्हणून लिहितो.

शनी माझ्या फोनवरच्या खिडकीतून आज बाहेर गेला. मला वाटले की हिला आता स्पष्टच सांगून टाकावे, म्हणजे सव्वीस तारखेला धक्का बसणार नाही. म्हणून जेवण झाल्यावर सांगितले. तुझे यान पोहोचणार नाही. हा दोष तुझा नाही. नेम धरतेवेळी मी दिलेली जागाच चुकीची होती. ती आता दुरुस्त झाली आहे, याचा तुलाही अभिमान वाटला पाहिजे.

ही ताटे उचलत होती. थांबली. म्हणाली, “तुम्ही पुस्तकांतल्या चुका काढल्यात. माझ्या आईच्या पत्रांतल्या काढल्यात, लाल पेनाने, तिला परत पाठवून. पोरीच्या पहिल्या गोष्टीतल्या काढल्यात, परत कधी लिहिली नाही तिने. म्हटलं आकाश तरी...”

वाक्य अपूर्ण ठेवले. ताटे घेऊन आत गेली.

पत्रांतील चुका खऱ्या होत्या. मुलीच्या गोष्टीत एकच चूक होती. तिने लिहिणे का सोडले, याचा त्याच्याशी संबंध नाही. मुलांच्या आवडी बदलतात.

वाक्य कसे पूर्ण झाले असते, याचा दुपारभर विचार केला. तीन-चार प्रकारे होऊ शकते. एकही मला अनुकूल नाही.

२२ मार्च

हिचे वागणे पूर्ववत आहे. रोज सकाळी फोन उघडते. खिडकीत काळोखाखेरीज काही नसणार, हे सांगूनही उघडते. तोंडावर मात्र उजेड पडल्यासारखा दिसतो. हे धैर्य आहे. माझ्या सहवासात हिच्यात एक प्रकारचा शास्त्रीय ताठपणा आला आहे, आणि त्याचे श्रेय मी घेत नाही.

संकल्प: सव्वीसला चारच्या सुमारास, म्हणजे जेव्हा पोहोचायचे होते तेव्हा, हिच्याजवळ बसणे. सांत्वनपर चार शब्द बोलणे. शब्द आधी लिहून काढणे, कारण आयत्या वेळी रचना बिघडते.

२४ मार्च

भाषण तयार आहे. आरंभ असा: ‘प्रवासाचे सार्थक गंतव्यस्थानी पोहोचण्यात नसून दिशेच्या शुद्धतेत असते.’ वाचून पाहिले. ही मध्येच उठून जाईल अशी शंका आल्याने थोडे कमी केले.

सोबत आकृती दाखवणार आहे. निळी आणि लाल.

२५ मार्च

मुलीचा फोन. उद्या दुपारी दोघे येत आहेत, म्हणाली, सहज. आईला धीर द्यायला येत असणार. म्हणजे मुलीलाही अखेर माझे म्हणणे पटले. चेष्टेने विचारले की केक-बिक आणणार की काय. त्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही उद्या चारला काय करणार आहात?”

आईजवळ बसणार आहे, असे सांगितले.

“बसाल खरंच?” असे तिने विचारले. कामात होती, लगेच फोन ठेवला.

२६ मार्च, सकाळी

‘नाईटड्यूटी’ने नवा अभिप्राय लिहिला आहे. ‘आज रजा. बाहेर ऊन आहे, मी खोलीचे पडदे ओढून बसलेय. थँक्यू सर.’

बिचारी. माझे उत्तर तिला मिळालेच नाही. चार वाजता तिला काळोख दिसेल. जावईबापूंच्या तांत्रिक अडचणींविषयी आज त्यांच्याशी गंभीरपणे बोलणार आहे.

२६ मार्च, साडेपाच

क्रमाने लिहितो.

मुलगी आणि जावईबापू तीनच्या आसपास आले. चहा झाला. मी भाषण पुन्हा एकदा वाचण्यासाठी माझ्या खोलीत गेलो. आकृतीवर चहाचा थेंब पडला होता, म्हणून ती नव्याने काढायला घेतली. शनीची कडी नीट येईनात. चार वाजून गेल्याचे ध्यानात आले तेव्हा लगबगीने उठलो. माझा फोन पाहिला. ‘सुट्टी’ची खिडकी काळी, गणिताप्रमाणे. आकृती घेऊन स्वयंपाकघराकडे गेलो. दार लोटलेले होते.

आत मुलगी आणि जावईबापू हिच्या खुर्चीच्या दोन बाजूंना वाकून उभे होते. हिच्या हातात फोन होता. हिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत पिवळा उजेड होता आणि त्या उजेडातून एक तिरकी रेघ गेलेली होती. ही काहीतरी पुटपुटत होती. “केवढाले आहेत गं कान,” असे असावे.

मी आत आल्याचे कळताच हिने फोन टेबलावर पालथा घातला. लहान मुले परीक्षेत पेपर घालतात तसा.

मी हात पुढे करून फोन उलटला. पडदाभर शनी होता. मधोमध. कड्यांची सावली त्याच्या अंगावर पडली होती. सावलीचे गणित माझेच आहे. ती योग्य कोनात पडली होती, हे मी आधी पाहिले. मग कळले की तो येथे असता कामा नये.

जावईबापू म्हणाले, “बाबा, बसा ना.” बसलो नाही. नवी आवृत्ती कोणाकोणाकडे गेली आहे, असे विचारले.

ते आपल्या बायकोकडे पाहू लागले. मुलगी म्हणाली, “सांगा आता.”

“तुमच्याकडे,” जावईबापू म्हणाले.

आणि आणखी?

“तुमच्याकडेच, बाबा. बाकी सगळ्यांना उद्या जाणार होती. सव्वीसवाले सगळे पोचल्यावर. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही दर दिवशी इतके खूश...” मग त्यांनी इंग्रजीत काही सांगायला सुरुवात केली. मुलीने त्यांच्या हाताला हात लावला, तेव्हा थांबले.

म्हणजे दुरुस्त शनी केवळ माझ्या फोनवर होता. निवेदन केवळ मी वाचले. ‘समजले’ केवळ मी दाबले.

मी हिला म्हणालो की हा शनी चुकीच्या जागी आहे.

ही म्हणाली, “असू दे. मी पण तिथेच आलेय.”

रागाने म्हणाली नाही. हातात आकृती होती आणि खिशात भाषण. परंतु त्यातील एकही वाक्य पोहोचलेल्या माणसासाठी लिहिलेले नव्हते.

मुलीने खुर्ची पुढे सरकवली. ही फोन माझ्याकडे थोडा तिरका करून बसली, मला दिसावे म्हणून. मी उभ्यानेच पाहिले. शनीच्या मागे एक बारीक ठिपका होता. तो कोणता चंद्र, असे हिने मला विचारले. मला ओळखता आला नाही. जुन्या गणितातील चंद्रांच्या जागा मी पुसून टाकल्या आहेत.

मग ही म्हणाली, “आणि तुमचं कुठवर आलं?”

माझे काय, असे मी विचारले.

“यान हो. तुमचं यान. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत कुठे सोडलंय ते. मी म्हटलं सांगतील आपणहून.”

मुलगी माझ्याकडे पाहत होती. जावईबापू मात्र टेबलाकडे. यादी त्यांच्याकडेही असते.

बरेच पुढे गेले आहे, असे मी सांगितले.

“हो का,” ही म्हणाली, आणि पुन्हा खिडकीतून बाहेर पाहू लागली.

आता माझ्या खोलीत आहे. दार लावले आहे. तरी स्वयंपाकघरातील बोलणे ऐकू येते. मुलगी ‘नाईटड्यूटी’चा अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवत आहे. ही मध्येच तिला थांबवून पुन्हा वाच म्हणते.

माझ्या फोनवर ‘निरालंब’ उघडे आहे. माझ्या नावाखाली यान नाही. सहा वर्षांत कधी नव्हते. एक बटण आहे, ‘प्रवास सुरू करा’. शब्द माझेच. शनी निवडला. पोहोचण्याचे वर्ष दाखवले. मधली सहा वर्षे माझ्या वयात मिळवून पाहिली.

अजून दाबलेले नाही.